कोरडे पंख

रविवार, २ तारीख

आज पहिल्यांदा आवाज आला. बाबांनी तुकडा दाताखाली धरला आणि 'कर्रर्र' असा आवाज साऱ्या स्वयंपाकघरात ऐकू गेला. वहिनी म्हणाली, "बाबा, हळू, खालचे वर येतील. त्यांना वाटेल आपण फरशी फोडतोय."

म्हणजे कृती बरोबर आहे. लिहून ठेवते, पुढे वाद नको. कोंबडीच्या पंखाचं टोक काढायचं, उरलेल्याचे सांध्यावर दोन तुकडे करायचे. कागदी रुमालाने टिपून टिपून कोरडे करायचे. मीठ आणि बेकिंग पावडर चोळायची. मग जाळीवर, एकमेकांना न चिकटवता, फ्रीजमध्ये आठ तास उघडे ठेवायचे. कातडी वाळली तर ती ओव्हनमध्ये फुलून कडक होते, ओली राहिली तर वाफेवर शिजते आणि रबर होते. कडक तापलेला ओव्हन, पाऊण तास, मध्ये एकदा उलटायचे. बाहेर काढले की वितळलेलं लोणी, भरडलेली मिरी आणि लिंबाची किसलेली साल. रस अगदी शेवटी, अगदी थोडा.

पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतलं माझं काम महिनाअखेर संपतंय. नवीन नोकरी शोधण्यापेक्षा मला स्वतःचं काहीतरी उभं करायचंय. स्वच्छ, प्रामाणिक, काय घातलंय ते पाटीवर लिहिलेलं. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाचे मालक तयार झालेत. एक चष्मा डोळ्यांवर, एक कपाळावर, म्हणून आम्ही त्यांना दुहेरी म्हणतो. ते म्हणाले, "तीन शनिवार, चार वाजता. तीनदा चाखीन. एकदा तरी कुरकुरीत लागले तर रोज संध्याकाळचे चाळीस तुकडे तुमचे. नाही तर राग मानायचा नाही."

बाबा पंचवीस वर्षं कोंबडीच्या दुकानात कापायचं काम करतात. पंख तेच आणतात. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. निकाल लागल्यापासून बाबा मला 'मॅडम' म्हणतात. मला आवडतं ते.

मंगळवार, ४ तारीख

सकाळी सातला ट्रे ठेवला, संध्याकाळी कामावरून येऊन भाजला. रबर. तुकडा ओढला तर कातडी ताणली जाऊन परत आली.

ओव्हन तपासला. थर्मामीटर प्रयोगशाळेतून आणला होता (परवानगी घेऊन). तापमान बरोबर.

दुपारी घरात कोण कोण असतं ते मांडून पाहिलं. दादा ट्रक घेऊन महिनाभरासाठी गेलाय. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून आई महिनाभर तिच्याकडे आहे. बाबांचं दुकान एक ते तीन बंद असतं तेव्हा ते जेवायला येतात, खातात आणि जातात. वहिनीची औषधांच्या दुकानातली पाळी एकला संपते. म्हणजे दुपारभर घरात वहिनीच.

मी कुणावर आरोप करत नाहीये. मांडून पाहिलं, एवढंच.

फ्रीजवर तक्ता लावलाय: 'हात कोपरापर्यंत, साबणाने, वीस अंक मोजून धुतल्याशिवाय ट्रेला स्पर्श करू नये.' खरं तर कुणीच स्पर्श करू नये असं लिहायला हवं होतं. रविवारी बाबांना त्यांच्या दुकानातल्या स्वच्छतेबद्दलही बरंच समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "हो मॅडम" म्हणाले.

गुरुवार, ६ तारीख

परत रबर. त्यात भर म्हणजे चोवीस तुकडे ठेवले होते, बावीस निघाले. आणि खालच्या कप्प्यातलं एक लिंबू नाही.

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "लिंबू ना? असेल कुठेतरी. लिंबाला काय पाय असतात?" आणि तिने ओट्यावरची एक छोटी वही पटकन कपाटावर सरकवली. निळ्या पुठ्ठ्याची. मागच्या आठवड्यात तिने विचारलं होतं, "मला शिकवशील का गं हे?" तेव्हा मी हसून "बघू" म्हणाले होते. आता आठवतंय, तिच्या बहिणीला खाण्याचं दुकान काढायचंय.

येताना शनिवारचे पंख घ्यायला बाबांच्या दुकानात गेले. बर्फावर सगळा माल कसा मांडलेला! कातडी वर, सांधा डावीकडे, कवायतीला उभा केल्यासारखा. बाबा गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक तुकडा थंड पाण्यात बुडवून काढत होते. मी म्हटलं, "घरच्या पंखांना हे नको हं." ते म्हणाले, "नाही मॅडम, तुझे कोरडेच बांधून देतो." मग जरा थांबून म्हणाले, "त्या दुकानदाराने विचारलं तर सांगशील ना, ताजा माल आहे म्हणून?"

सांगीन म्हटलं. बाबांना दुसऱ्यांच्या मताची फारच काळजी असते.

शनिवार, ८ तारीख

पहिली चाखणी. शनिवारी काम अडीचला सुटतं, येऊन भाजले आणि नेले. दुहेरींनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर नेला, कपाळावरचा डोळ्यांवर आणला, तुकडा निरखला, चावला. बराच वेळ चावत राहिले. तेवढ्यावरूनच मी समजले.

"चव आहे," ते म्हणाले. "लिंबूही लागतं, मिरीही लागते. पण ताई, हे कुरकुरीत असेल तर माझी आजी धावपटू."

घरी बाबा वाट पाहत होते. "काय म्हणाला? वासाबद्दल काही बोलला?"

"वासाबद्दल कशाला बोलतील?"

"नाही, आपलं विचारलं."

रविवार, ९ तारीख

आज घरीच होते. दिवसभर स्वयंपाकघरातून हलले नाही. पुस्तकसुद्धा ओट्याजवळ बसून वाचलं. वहिनी दोनदा आली, पाणी प्यायली, माझ्याकडे पाहून गेली. दुसऱ्यांदा म्हणाली, "पहारा आहे का?"

रविवारी बाबांच्या दुकानाला दुपारची सुट्टी नसते, त्यामुळे जेवायला आम्ही दोघीच.

पाचला भाजले. कर्रर्र!

म्हणजे मी घरात असले की होतात, नसले की होत नाहीत. मागचा रविवारही असाच. शास्त्र शिकलेल्या माणसाला याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा? रविवारी तिला संधी मिळत नाही.

हे लिहिताना वाईट वाटतंय. ती या घरात आली तेव्हा माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा होती आणि रोज पहाटे तिनेच मला चहा करून दिला होता. पण वाईट वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.

मंगळवार, ११ तारीख

वजन केलं! हे आधीच सुचायला हवं होतं. सकाळी ट्रेमधले तुकडे भरले एक किलो. आठ-दहा तासांत पाणी उडून वजन कमी व्हायला हवं, साठ-सत्तर ग्रॅम तरी. संध्याकाळी भरले एक किलो वीस. दोन तुकडे पुन्हा गायब असूनही!

वाळत घातलेली वस्तू जड झाली. म्हणजे कुणीतरी पाणी घालतंय. आणि अजून मी लिंबाला हातही लावलेला नसताना कच्च्या पंखांना लिंबाचा वास येतोय. पाण्याबरोबर लिंबू! बेकिंग पावडर मारायला याहून चांगला उपाय नाही. हे ज्याने केलं त्याला रसायनशास्त्र कळतं, आणि वहिनीने औषधांच्या दुकानात थोडीथोडकी नाही, तीन वर्षं काम केलंय.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती मावशीच्या गुडघ्याला शेक देत होती.

"घरात चोर शोधू नये गं," आई म्हणाली. "सापडला तर ठेवायचा कुठे?"

"आई, हा गंभीर प्रश्न आहे."

"मग त्या पोरीला सरळ विचार. आणि बाबा जेवतात ना नीट दुपारी?"

बाबा जेवतात. पण वहिनी म्हणते, हल्ली पानावरून घाईने उठतात. असो.

गुरुवार, १३ तारीख

सापळा लावला. फ्रीजच्या दाराला पांढरा दोरा चिकटवून कामावर गेले. संध्याकाळी दोरा तुटलेला. मग लक्षात आलं की दोरा तुटणारच होता. फ्रीज आहे तो, तिजोरी नाही. माझ्या हुशारीचं मलाच हसू आलं, पण हसायला सोबत कुणी नव्हतं.

दुसरा सापळा बरा निघाला. मी तुकडे मुद्दाम वेडेवाकडे मांडले होते, काही उलटे, काही आडवे. आल्यावर पाहिलं तर सगळे सरळ. कातडी वर, सांधा डावीकडे, रांगेत. नासाडी करताना एवढा नीटनेटकेपणा! वहिनीच्या कपाटात साड्यासुद्धा अशाच रचलेल्या असतात.

शनिवार, १५ तारीख

दुसरी चाखणीही गेली. या वेळी दुहेरी विनोदसुद्धा बोलले नाहीत. अर्धा तुकडा ठेवून म्हणाले, "अजून एक शनिवार आहे. पण ताई, मी दुसऱ्या एकाशीही बोलतोय, हे सांगितलेलं बरं."

घरी आले ती तशीच वहिनीसमोर उभी राहिले. ती कांदे चिरत होती.

"वहिनी, दुपारी माझ्या ट्रेला कोण हात लावतं?"

सुरी थांबली. "का?"

"दोन पंख कमी होतात. लिंबं जातात. वजन वाढतं. माझ्याकडे आकडे आहेत. तुला हवी ती कृती माग, मी लिहून देईन. पण माझं काम नासवू नकोस."

तिने माझ्याकडे पाहिलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिची नजर माझ्यामागच्या दाराकडे गेली. दारात बाबा उभे होते, नुकतेच आलेले, एका पायातली चप्पल काढलेली, दुसऱ्या पायातली तशीच.

"दोन पंख मी घेते," वहिनी म्हणाली. "बाकीचं मला काही विचारू नकोस."

"म्हणजे कबूल आहे?"

"हो गं वन्सं, कबूल. जन्मठेप दे आता." हात धुऊन ती आत निघून गेली. ती मला एरवी वन्सं कधीच म्हणत नाही, टोचायचं असेल तेव्हाच म्हणते.

बाबा म्हणाले, "काय झालं? कोण काय नासवतंय?"

म्हटलं, "काही नाही बाबा, आमच्या दोघींचं आहे."

सोमवार, १७ तारीख

कबुली मिळाली. समाधान मात्र नाही. वहिनी तिचं ताट खोलीत घेऊन जाते. माझ्याशी कामापुरतं बोलते: "गॅस संपत आलाय", "तुझ्या दादाचा फोन होता". चहा मिळतो, पण दार वाजवून बाहेर ठेवलेला, हॉटेलात ठेवतात तसा.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दोन पंख चोरल्याचं तिने लगेच कबूल केलं. पाणी घातल्याचं केलं नाही. जो खोटं बोलतो तो अर्धं कशाला कबूल करेल?

पुरावा अपुरा आहे. प्रत्यक्ष पाहायला हवं. बुधवारची अर्धी सुट्टी टाकलीये.

बुधवार, १९ तारीख

सगळं जसंच्या तसं लिहिते.

साडेबाराला घरी आले आणि स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरीआड, बादली पालथी घालून बसले. खिडकीच्या फटीतून फ्रीज दिसतो.

दीडला कुलूप उघडलं. बाबा. चपला काढून न्हाणीघरात गेले. नळाचा आवाज, आणि त्यातून बाबांचा आवाज: "एक, दोन, तीन, चार..." वीसपर्यंत. माझा तक्ता पाळत होते. मग येऊन फ्रीज उघडला, ट्रे काढला आणि वाळून ताठ झालेली कातडी पाहून "अरे देवा" म्हणाले. घरचं कुणी आजारी दिसल्यावर म्हणतात तसं. पातेल्यात थंड पाणी घेतलं. अर्धं लिंबू पिळलं. एकेक तुकडा त्यात बुडवून, अंगठ्याने हलकेच चोळून, माझं मीठ आणि पावडर सगळं धुऊन, परत जाळीवर ठेवला. कातडी वर, सांधा डावीकडे.

तेवढ्यात वहिनी आली.

"बाबा, आजपण?"

"झालंच गं."

"मी सांगितलं ना तुम्हाला, ते कोरडेच ठेवायचे असतात. मी सकाळीच दोन-दोन बाजूला काढून, वाळवून, भाजून दाखवले की नाही? खाल्लेत की तुम्ही!"

"खाल्ले. चांगले लागतात. पण घरात खाणं वेगळं आणि गिऱ्हाईक वेगळं." बाबा फडक्याला हात पुसत होते. "वाळक्या कातडीचा माल म्हणजे शिळा माल, सूनबाई. पंचवीस वर्षांत असा माल मी कुणाच्या पिशवीत टाकला नाही. त्या माणसाने कच्चा माल पाहायला मागितला तर? माझी पोर शिळं घेऊन उभी राहिली असं व्हायला नको. आणि लिंबाने वास जातो. आपल्याला कळत नाही, पण लोकांना येतो."

"मग तिला सांगा ना तसं. की मी सांगू?"

"नको नको. ती एवढी शिकलेली. कोंबडीवाल्याने तिला शिकवायचं?" मग हळू आवाजात म्हणाले, "शनिवारी तुझ्यावर का ओरडत होती ती?"

"ओट्यावरून," वहिनी म्हणाली. "बायकांचं चालतंच. बसा, वाढते."

मला उठायचं होतं. पण बसून राहिले. बाबा जेवून गेले. मग वहिनी कपडे काढायला गॅलरीत आली, तिने चादर ओढली, आणि मी बादलीवर बसलेली.

तिने चादर हातावर घेतली. मग म्हणाली, "संशोधन झालं?"

मी रडायला लागले. तिने चादरीची घडी घातली, दुसरी काढली, तिचीही घातली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? त्यांना बसवून व्याख्यान दिलं असतंस. त्या दुकानाच्या स्वच्छतेबद्दल दिलंस तसं. चार दिवस जेवले नव्हते ते नीट. तुझ्या लक्षात आलं होतं?"

आलं नव्हतं.

"म्हटलं त्यांनाच पटवू, करून दाखवू, म्हणजे आपणहून सोडतील. दोन पंखांत पटवायचं होतं, पण तुझे बाबा म्हणजे..." तिने कपाटावरून निळी वही काढून माझ्या मांडीवर टाकली. तारखा, ओव्हनचं तापमान, किती मिनिटं, मिरी किती भरड. आणि जे मला सुचलंच नव्हतं तेही: 'गरम पंख बंद डब्यात घातले तर वाफेने मऊ पडतात. झाकणाला भोकं हवीत.'

"बहिणीसाठी?" मी विचारलं. मूर्खासारखं.

"तुझ्यासाठी, पदवीधर," ती म्हणाली. "आणि माझ्यासाठी. औषधांच्या बाटल्या पुसत म्हातारं व्हायचं नाहीये मला. पण तू 'बघू' म्हणालीस."

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "बघू."

संध्याकाळी बाबांना सगळं समजावलं. ओरडले नाही, व्याख्यान दिलं नाही, फक्त खरं ते सांगितलं: कातडी, वाफ, पाणी. त्यांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे दोन्ही शनिवार माझ्यामुळे गेले?"

मी म्हटलं, "हो बाबा." खोटं कसं बोलणार?

"बरं झालं सांगितलंस, मॅडम." ते नेहमीपेक्षा कमी जेवले. दुपारी उशिरा खाल्लं होतं, त्यामुळे असेल.

गुरुवार, २० तारीख

कर्रर्र! कामाच्या दिवशी पहिल्यांदा! वजन पंचाहत्तर ग्रॅमने कमी. वहिनीच्या भोकाच्या डब्यात अर्धा तास ठेवले तरी कडक.

बाबा आज दुपारी घरी आले नाहीत. दुकानात गर्दी होती म्हणे. त्यांच्यासाठी चार ठेवले होते. संध्याकाळी म्हणाले, पोट भरलंय.

शुक्रवार, २१ तारीख

आजही बाबा आले नाहीत. वहिनीला म्हटलं, "दुकान जोरात चाललेलं दिसतंय."

वहिनी पोळपाट ठेवून माझ्याकडे वळली. परवापासून पहिल्यांदाच ती पूर्ण वाक्यात बोलली. "एक ते तीन शटर खाली असतं ना गं? मग गर्दी कुणाची, कोंबड्यांची?"



शनिवार, २२ तारीख

आज आम्ही दोघींनी रजा घेतली. सातला ट्रे ठेवला. आठला वीज गेली ती अकराला आली. फ्रीज उघडू नये म्हणून आम्ही दोघी त्याच्यासमोर उभ्या होतो. आठ तास तीनला पूर्ण होत होते, म्हणजे वेळ आहे असं मी धरलं.

दीडला चार कच्चे तुकडे डब्यात घालून बाबांच्या दुकानात गेले. शटर अर्धं खाली होतं. आत रिकाम्या क्रेटवर बसून बाबा एकटेच डबा खात होते. दिवा लावलेला नव्हता. मला पाहून दचकले, उठून उभे राहिले, जणू मीच मालक.

"काय झालं? परत बिघडलं?"

"नाही. घरी का येत नाही?"

"इथे बरं पडतं. जाऊन-येऊन वेळ जातो." मी डबा पुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात मागे घेतले. "नको. मी हात लावला की नासतं."

मी एवढं शिकले, पण यावर काय बोलायचं ते कुठेच शिकवलेलं नाही. शेवटी म्हटलं, "बाबा, मला पाहून कळत नाही. तुम्हाला कळतं. हे वाळून झालेत का सांगा."

ते डब्याकडे पाहत राहिले. मग कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, पुन्हा पुसले, आणि एक तुकडा घेऊन अंगठ्याने दाबला. उलटा केला. सांध्याच्या खाचेत दाबला. बाबांचा चेहरा बदलला. हा चेहरा मी फक्त त्यांच्या ओट्यामागेच पाहिलाय.

"नाही झाले. फ्रीज बंद होता का?"

"तीन तास. तुम्हाला कसं कळलं?"

"घाम आलाय. वरून फसवतायत, खाचेत ओल आहे. पाचपर्यंत तरी राहू देत." मग लगेच आवाज खाली गेला. "पण तुझं पुस्तक काय म्हणतं ते कर. मला काय कळतं यातलं."

पुस्तक आठ तास म्हणत होतं. कातडी मला कोरडीच दिसत होती. आणि तो अंगठा तोच, ज्याने दोन शनिवार धुऊन काढले. हे विचार माझ्या मनात आले, खोटं कशाला लिहू? तीन आठवडे मी माझ्या डोळ्यांखेरीज कशावर विश्वास ठेवला नव्हता आणि तरी काहीच दिसलं नव्हतं.

तिथूनच दुहेरींना फोन लावला.

"सहाला? ताई, सहाला माझ्याकडे पाय ठेवायला जागा नसते. चार म्हणजे चार."

"मग गर्दीतच चाखा."

"आणि नाही जमलं तर?"

"तर लोकांसमोर नाही म्हणा."

बाबा डोळे विस्फारून पाहत होते. फोन ठेवला तर म्हणाले, "अगं, माझ्या एका बोलण्यावर..."

पाचला भाजायला घेतले. सहाला मी आणि वहिनी भोकांचे डबे घेऊन दुकानात. खरंच जागा नव्हती. दुहेरी दोन कपबशा हातात घेऊन वैतागलेले; आज चष्म्यांची अदलाबदलही नाही. एक तुकडा उचलला, उभ्या-उभ्या चावला.

आवाज एवढा आला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवली. "ते काय आहे?"

दुहेरींनी उत्तर दिलं नाही. दुसरा तुकडा उचलला होता.

"अहो, ते काय आहे? आम्हाला द्या ना एक प्लेट."

"द्या हो," वहिनीने दुहेरींच्या हातातल्या कपबशा काढून घेतल्या. "आधी प्लेट आणा. खाताय काय एकटेच?"

दहा मिनिटांत दोन्ही डबे रिकामे. दुहेरी बोटं पुसत म्हणाले, "सोमवारपासून चाळीस. आणि सहालाच आणा, चारला नको."

रस्त्यात वहिनीला विचारलं, "आता तरी माफ केलंस?"

"अर्धी भागीदारी. ती निळी वही आपली दोघींची. आणि परत माझ्यावर सापळा लावलास तर त्या बादलीत बुडवीन तुला."

म्हणजे हो.

सोमवार, २४ तारीख

सहा वाजता जाग आली ती स्वयंपाकघरातल्या आवाजांनी. बाबा कधीच उठले होते. दुकानातून आणलेले चाळीस तुकडे त्यांनी ओट्यावर पसरलेले. म्हणाले, मोठ्या कोंबडीचे पंख नकोत, चरबी जास्त असते, हे लहान बघून निवडलेत. एकेक तुकडा कोरड्या फडक्याने पुसत होते, सांध्याची खाच बोटाने उघडून, हलकेच, घाई न करता. वहिनी मीठ आणि पावडर मोजत होती. दोघं एकमेकांना काही सांगत नव्हती, पण काम पुढे सरकत होतं.

मी तोंड धुतलं आणि मदतीला म्हणून सरळ ट्रेकडे हात नेला.

"अगं ए!" बाबांनी माझ्या मनगटावर चापट मारली. चांगली लागली. "पाणी ठिबकतंय! आधी हात पूस!"

मी पुसले.

"नीट पूस. बोटांच्या मध्ये."